उबेची तक्रार

उल्हासराव हेंद्र्यांच्या कपड्याबद्दल चाळीस वर्षांत एकही तक्रार आली नव्हती. निदान ते तसं सांगत. त्यांच्या बायकोचं, शैलाताईंचं, म्हणणं जरा निराळं होतं. तक्रारी येत, पण आलेला माणूस उल्हासरावांचा चेहरा बघून, आपणच कपडा उलटसुलट घातला असणार अशा समजुतीने परत जाई, असं त्या म्हणत. ते काही असो, जानेवारीतल्या त्या सोमवारी, पोह्यांची बशी पुढ्यात असताना पडद्यावर जी चिठ्ठी उमटली ती मात्र रीतसर तक्रार होती.

'ग्राहक क्रमांक ४१७. वस्तू: तांडेलीचा काळा लोकरी डगला. तक्रार: ऊब लागत नाही.'

"ऊब लागत नाही म्हणजे काय?" उल्हासराव म्हणाले. "लोकर आहे ती. आत सुती अस्तर आहे. मी काय मच्छरदाणीचा शिवलाय होय?"

"पोहे गार होतायत," शैलाताई म्हणाल्या.

हा डगला जगातल्या कुठल्याही खुंटीला टांगलेला नव्हता. तो 'सातबंदर' नावाच्या खेळात होता. लाखो माणसं आपापल्या घरी बसून त्या खेळातल्या सात बंदरांत वावरत. कुणी व्यापारी होई, कुणी समुद्रावर लुटालूट करणारा चाचा, कुणी वैदू, आणि जो तो आपल्या पात्राला हौसेने नटवी. पूर्वी अशा खेळांतले कपडे म्हणजे नुसती चित्रं असत. पुतळ्याला रंग फासावा तसा अंगरखा पात्राच्या अंगावर फासलेला असे. 'सातबंदर' काढणाऱ्या कंपनीने सुरुवात धाग्यापासून केली. प्रत्येक उभा धागा, प्रत्येक आडवा धागा, त्याचं वजन, त्याचा पीळ, शेजारच्या धाग्याशी होणारं घर्षण, हे सगळं संगणक क्षणाक्षणाला मोजत राही. त्यामुळे तिरकं कापलेलं कापड खरोखर झुलत असे आणि समुद्रात पडलेली लोकर खरोखर जड होई.

जोडीला खेळणाऱ्याच्या अंगात एक झिरझिरीत पोशाख असे. कंपनीने त्याला लांबलचक नाव दिलं होतं. लोक त्याला 'कात' म्हणत. कातीत केसाहून बारीक तंतू विणलेले होते. वीज खेळली की ते आखडत, थांबली की सैल पडत. मधूनमधून पेरलेले ठिपके गरम-गार होत. पात्राने घट्ट बंडी घातली की खेळणाऱ्याची छाती आवळली जाई, आणि पात्राने डगला चढवला की खेळणाऱ्याच्या खांद्यांवर ओझंही येई आणि ऊबही. हीच कात अंगाचं मापही घेई. पात्राचा बांधा खेळणाऱ्याच्या खऱ्या बांध्यावर बेतलेला असल्यामुळे कपडा ज्याच्या त्याच्या मापानेच शिवावा लागे.

इथेच कंपनीची पंचाईत झाली होती. तिच्याकडे गणिताचे मोठमोठे पंडित होते, पण मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेतली कड, कुणालाच कापता येत नव्हता. पंडितांनी काखेत भरपूर ऐसपैस जागा ठेवली. परिणाम असा झाला, की पात्राने तलवार उगारली रे उगारली की अख्खा अंगरखा कानापर्यंत वर चढे, आणि घरी बसलेल्या माणसाची काख सोलवटून निघे. मुंढा जितका वर आणि अंगासरशी कापावा तितका हात मोकळा होतो, ही गोष्ट शिंप्याच्या घरात पोरांना दूध सुटायच्या आत कळते. पंडितांना ती दोन वर्षांनी कळली.

तोवर उल्हासराव घरी बसून होते. सांगलीतला 'हेंद्रे कपडेपट' तीन पिढ्यांचा. ऐतिहासिक नाटकांचे पोशाख भाड्याने द्यायचे, शाळांच्या गॅदरिंगना राजे, मावळे, राण्या पुरवायच्या. मग रंगभूमीवर उजेडाचे पोशाख आले. नट पांढरे तंग कपडे घालून उभा राही आणि त्याच्यावर प्रकाशाने शालू म्हणा, चिलखत म्हणा, काय हवं ते पाडलं जाई. शाळांनीही तेच सुरू केलं. कपडेपटाच्या ट्रंका डांबराच्या गोळ्यांसकट माळ्यावर गेल्या आणि उल्हासरावांनी घरातले पडदे तीनदा उसवून तीनदा शिवले. चौथ्यांदा ते पडद्याला हात घालणार तेवढ्यात पुण्याहून ऋजुता देसाईचा फोन आला.

ऋजुता 'सातबंदर'च्या कंपनीत कारागिरांच्या विभागाची प्रमुख होती. तिची आणि उल्हासरावांची ओळख जुनी होती. चौथीत असताना तिला गॅदरिंगमध्ये राणीचं काम मिळालं होतं, आणि ती ते नको म्हणून रडत बसली होती. तिचा डावा पाय दीड इंच आखूड होता. उल्हासरावांनी माप घेतलं, पायाकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि वहीत काहीतरी खरडलं. घागऱ्याचा घेर त्यांनी डावीकडे दीड इंच कमी उतरवला, कळ्या तिकडे जास्त घातल्या आणि वरून जड काठ लावला. राणी चालली की घेर असा डुले, की लोकांना ती चाल राजेशाही वाटली. बक्षीस ऋजुतालाच मिळालं. तीस वर्षांनी कंपनीला मुंढा कापणारा माणूस हवा झाला तेव्हा तिला दुसरं नाव सुचलंच नाही.

उल्हासरावांनी चष्मा आणि हातमोजे चढवले, हवेत कात्री धरली, आणि बोटांत कापड असल्यासारखा भार आला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. चौसष्टाव्या वर्षी गेलेला धंदा परत मिळाला होता. ऋजुताचे उपकार मी कसे फेडू, असं ते दर सणाला फोन करून विचारत आणि ती दर सणाला विषय बदले.

तर अशा माणसाकडे तक्रार आली होती.

दहा वाजता ते खेळातल्या आपल्या दुकानात जाऊन बसले. बंदरावरच्या त्या दुकानावरही पाटी 'हेंद्रे कपडेपट' अशीच होती. गिऱ्हाईक आलं. तिचं पात्र म्हणजे काजळ तांडेलीण, गलबताची मुख्य. डोक्याला रुमाल, कमरेला कोयता, भुवईवर जुनी जखम. चेहरा अर्थात बनावट होता. शिवणाऱ्याला गिऱ्हाइकाचं खरं नाव, खरा चेहरा दिसत नसे. दिसे ते फक्त मापाचं धड. आवाज मात्र खरा होता, आणि तो कोकणातला होता.

"मास्तर, डगला दिसायला फर्मास आहे हां. पण उत्तरेच्या बंदरावर बर्फ. बाकीचे म्हणतात काय मस्त ऊब येते. मला नुसतं वजन."

"कुठं लागत नाही ऊब?"

"पाठीला वरती, दोन्ही खांद्यांवर. उजव्या हाताला तर काहीच नाही."

"कात बदलून बघितलीस?"

"दोनदा. कंपनीने नवीन पाठवलीन. तेच."

उल्हासराव धडाभोवती फिरले. चाळीस वर्षं माणसं बघितलेली नजर ती. उजवा खांदा दिवाळीत डगला शिवताना घेतलेल्या मापापेक्षा पाव इंच खाली होता.

"आणि मास्तर, हल्ली तो एका अंगाला ओढतो. सारखी टोचणी लागते."

"होय की. तेही बघतो," उल्हासराव म्हणाले.

खांद्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. हेंद्र्यांच्या घराण्याची ती रीत होती. त्यांचे वडील बापू म्हणत, नटाचं व्यंग वहीत उतरवायचं, कपड्याने झाकायचं, तोंडातून काढायचं नाही. बापूंच्या मापाच्या वहीत त्यासाठी खुणा होत्या. खाली पडलेल्या खांद्याला टिंब, पोटाला चंद्रकोर, पोकाला उलटा स्वल्पविराम. सांगलीत एक नट पंचवीस वर्षं राजाची कामं करत होता. त्याचा एक खांदा पाऊण इंच खाली होता आणि त्याला ते जन्मभर कळलं नाही, कारण त्याचे घरचे सदरेसुद्धा बापूच शिवत. एकदा त्याने तयार शर्ट घेतला आणि हल्लीच्या कारखानदारांना कापता येत नाही अशी कागाळी करायला तो बापूंकडे आला. बापूंनी त्याच्या रागात राग मिसळला आणि शर्ट ठेवून घेतला.

उल्हासरावांनी वहीत ४१७ समोर टिंब दिलं, उजव्या खांद्यात पाव इंच भर घातली आणि डगल्याला दुसरं अस्तर लावलं. तांडेलीण खूश झाली.

"ओढत नाही आता. हातात जादू आहे तुमच्या."

"ऊब?"

"आली असेल," ती म्हणाली. गिऱ्हाइकाला शिंप्याचं मन मोडवत नाही तेव्हा ते असंच बोलतं, हे उल्हासरावांना कळायला हवं होतं.

मार्चमध्ये पुन्हा चिठ्ठी आली. 'ऊब लागत नाही.' डगला पुन्हा ओढू लागला होता. या वेळी खांदा अर्धा इंच खाली होता. उल्हासरावांनी दुसरं टिंब दिलं, भर वाढवली आणि तिसरं अस्तर लावलं. मग मात्र त्यांना चैन पडेना. त्यांनी स्वतःची कात चढवली आणि तोच डगला आपल्या पात्राला घातला. दहा मिनिटांत ते घामाघूम झाले. तसलाच डगला घेतलेली आणखी अकरा गिऱ्हाइकं होती. त्यांतल्या चौघांनी उबेचं कौतुक कळवलं होतं.

"मग दोष कुठाय?" त्यांनी शैलाताईंना विचारलं.

"डगल्यात नसेल," त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

"असं कसं? कपडा बसला नाही तर दोष कपड्याचाच. गिऱ्हाइकाचं अंग चुकीचं असतं का कधी?"

शैलाताईंनी पुढची जुडी निवडायला घेतली. नवऱ्याशी वाद कधी घालायचा नाही हे त्यांना पस्तीस वर्षांत चांगलं कळलं होतं.

जूनच्या सुरुवातीला तांडेलीण आपण होऊन दुकानात आली. उजव्या बाजूचे बंद बांधताना तिची बोटं अडखळत होती. दोनदा गाठ सुटली, तेव्हा उल्हासरावांनी पुढे होऊन बांधून दिली.

"बोटांना काय झालंय तुझ्या?"

"काही नाही. मी खऱ्यात जेटीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करते ना. पान्हा धरून धरून आखडतात." ती हसली. "परवा तर गंमतच झाली. गरम सायलेन्सरला मनगट टेकलेलं, मला पत्ताच नाही. वास आला तेव्हा बघितलं. हा एवढा फोड."

उल्हासरावांच्या हातातली सुई थांबली. त्यांचा स्वतःचा हात इस्त्रीने शंभर वेळा भाजला असेल. वास यायच्या आधी माणूस ओरडतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी धडाकडे बघितलं. भर काढून मोजला तर खांदा पाऊण इंच खाली, आणि पाठीचा कणा मधोमध किंचित बाकदार.

आणि ते काहीच बोलले नाहीत. बोलायला तोंड उघडलं आणि बापूंची रीत आडवी आली. तांडेलीण "येते मास्तर" म्हणून निघून गेली.

त्यांनी चष्मा काढला आणि वहीत तिसरं टिंब दिलं. वहीतली तीन टिंबं एकाखाली एक बसली होती. जाड झालेला माणूस बारीक होतो, बारीक झालेला जाड होतो, पण सात-आठ महिन्यांत वाढत्या वयापलीकडच्या माणसाचा खांदा पाऊण इंच उतरत नाही. डगला एका अंगाला ओढला जाई तेव्हा कात टोचणी देत होती. त्या टोचणीने तिला आज ना उद्या आरशासमोर उभं केलं असतं. भर घालून ती टोचणी त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकली होती. ती ऊब लागत नाही म्हणून सांगत होती आणि ते अस्तरावर अस्तर चढवत होते. उल्हासरावांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ऋजुताला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"काका, तुम्ही बोलू शकत नाही," ऋजुता म्हणाली. "करारातलं नववं कलम. शिवणाऱ्याने ग्राहकाच्या शरीराबद्दल कसलाही शेरा मारायचा नाही. मारला तर खातं बंद."

"मग कंपनीच्या डॉक्टरांना तू कळव."

"मापं कुणालाही दाखवायची नाहीत, हेही आमचंच कलम. ती मापं फक्त शिवणाऱ्याला दिसतात. ते नववं कलम मी लिहिलंय, काका. सुरुवातीला कारागीर काय काय बोलायचे माहितीये? जाडी, वाकडी, थोराड. पोरी रडत खेळ सोडून जायच्या. मला चौथीतलं गॅदरिंग आठवलं आणि मी ते लिहिलं. त्या दिवशी तुम्ही माझ्या पायाबद्दल एक शब्द काढला असतात, तर मी स्टेजवर गेलेच नसते. आज मी जी काय आहे ती..."

"तुझा पाय तुला ठाऊक होता, ऋजुता," उल्हासराव म्हणाले. "मी सांगावं असं त्यात काही नव्हतं. हिला ठाऊकच नाहीये."



"तुमची खात्री आहे?"

"मी डॉक्टर नाही. डगल्यात दोष नाही, एवढी खात्री आहे."

"मग बोला," ऋजुता म्हणाली. "पण नोंद मला करावी लागेल. मी माझ्याच माणसाची गोष्ट लपवली असं नको व्हायला. तुमचं खातं जाईल. कदाचित कायमचं."

"कर की नोंद. तुझं काम तू कर," ते म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी उगीचच हातमोजे झाडले, घडी घातली, पुन्हा उलगडले. दोन वर्षांपूर्वीचे ते रिकामे दिवस त्यांना आठवत होते आणि ते पुन्हा नको होते, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं.

दुपारी त्यांनी बोलावल्यावरून तांडेलीण आली. उल्हासरावांनी डगल्यातली सगळी भर तिच्यासमोर उसवून काढली आणि तिला आरशासमोर उभं केलं.

"खांदे बघ तुझे."

तिने बघितलं. "हा उजवा..."

"पाऊण इंच खाली आहे. दिवाळीत सरळ होता. मी तीनदा मोजलाय, आणि दोनदा भर घालून झाकलाय. ती माझी चूक. डगल्यात ऊब आहे, पोरी. तुझ्या पाठीला आणि हाताला ती कळत नाहीये. तू डॉक्टरला दाखव."

तांडेलीण आरशापासून गर्रकन वळली. आवाज आला तो वेगळाच, धारदार.

"डगला जमला नाही म्हणून आता माझंच अंग वाकडं होय? तीन अस्तरं लावलीत, तरी जमलं नाही. सरळ सांगा ना तसं."

शिंप्याला याहून वाईट काही ऐकवता येत नाही. उल्हासरावांनी ते ऐकून घेतलं.

"म्हण तुला काय म्हणायचंय ते. पण एक कर. एका पेल्यात कोमट पाणी घे, एकात गार. डोळे मीट आणि घरातल्या कुणाला तरी म्हण, कुठला तरी पेला माझ्या उजव्या दंडाला लाव. कुठला ते ओळखून दाखव. ओळखलास तर मला वाटेल त्या शिव्या दे." त्यांनी तीन तारखांची तीन मापं एका चिठ्ठीवर लिहून तिच्या हातात ठेवली. "ही मापं डॉक्टरला दे."

तिने चिठ्ठी घेतली आणि ती दिसेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी उल्हासरावांच्या चष्म्यात दुकान उघडेना. 'खाते स्थगित. कलम नऊ,' एवढीच अक्षरं होती.

आषाढ गेला, श्रावण गेला. शैलाताईंनी पडदे काढून कपाटात ठेवले आणि किल्ली कमरेला लावली. उल्हासरावांना खातं गेल्याचं वाईट वाटे, पण तेवढंच. त्या पोरीचं काय झालं, हे कळायला काही मार्ग नव्हता. तिचं नावसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. जेवताना मध्येच ते म्हणत, "तिने पेल्याचं केलं असेल का गं?" आणि शैलाताई म्हणत, "केलं असेल."

सप्टेंबरच्या अखेरीला ऋजुता स्वतः सांगलीला आली. उंच टाचेचा डावा बूट दारात काढून ती आत आली आणि न बसताच तिने खिशातून फोन काढला.

"काका, तिने तुमच्यासाठी निरोप पाठवलाय. स्वतःचं नाव सांगायची परवानगीही दिलीये."

निरोप सुरू झाला. "मास्तर, मी पूर्वा शिगवण. गुहागरची. चारशे सतरा." आवाज थकलेला होता, पण तोच होता. "त्या दिवशी मी चष्मा भिरकावून दिला. शिव्या दिल्या तुम्हाला, खोटं कशाला बोलू. मग आईला म्हटलं, धर पेले, मास्तरची जिरवते. सहा वेळा धरलेन तिने. मी चार वेळा चुकले आणि दोनदा तर पेला लावलाय एवढंच कळलं, गार की गरम ते नाही. आईने पेले ठेवलेन आणि दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरकडे नेलीन."

पुढचं तिने डॉक्टरांनी सांगितलं तसं सांगितलं. मानेपासून खाली जाणारा मज्जारज्जू असतो, त्याच्या आत, बरोबर मधोमध, पाणी साठून लांबट पोकळी झाली होती. गरम-गार आणि वेदना कळवणारे तंतू मज्जारज्जूच्या मध्यातूनच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातात, म्हणून पोकळी फुगली की आधी ते दाबले जातात. स्पर्शाचे आणि वजनाचे तंतू निराळ्या वाटेने जातात, ते शाबूत राहतात. म्हणून तिला डगल्याचं ओझं कळत होतं आणि ऊब कळत नव्हती. पोकळी वाढली की हाताचे स्नायू वाळू लागतात आणि कणा कलतो. माणूस तरुण असतो, कामात असतो, हळूहळू होणारं त्याच्या लक्षात येत नाही. कोल्हापूरला तिच्या कवटीच्या तळाशी शस्त्रक्रिया करून पाण्याला वाट मोकळी करून दिली होती.

"डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकेल. गेलेलं परत येईलच असं नाही. आणखी वर्षभर तशीच राहिले असते तर पान्हा काय, चमचासुद्धा धरता आला नसता. त्यांनी विचारलं, एवढ्या लवकर लक्षात कुणी आणून दिलं? म्हटलं, शिंप्याने. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. तुमची चिठ्ठी मागून घेतली आणि माझ्या फायलीत पहिल्या पानावर लावली. मास्तर, मी तुम्हाला जे बोलले ना, ते मनात ठेवू नका. माझे हात तुमच्यामुळे आहेत."

निरोप संपला. उल्हासरावांनी टेबलावरचा खडू उचलून पुन्हा जागेवर ठेवला.

"मनात काय ठेवायचंय," ते म्हणाले. "ती पुन्हा पुन्हा तक्रार करत राहिली म्हणून कळलं. दुसरी कुणी असती तर माझ्या तोंडाकडे बघून गप्प बसली असती. मीच तिचे आभार मानायला पाहिजेत." मग त्यांनी ऋजुताकडे बघितलं. "आणि तुझे. तू मला बोलू दिलंस."

"मी तुमचं खातं बंद केलं, काका."

"तेही केलंस. बरोबर केलंस."

ऋजुताने पर्समधून एक कागद काढला. नवव्या कलमाखाली नवं वाक्य घातलं होतं. ग्राहकाने पहिल्या मापाच्या वेळी होकार दिला असेल, तर शिवणाऱ्याला मापातला बदल त्याला एकट्याला, खाजगीत सांगता येईल. कलम तसंच राहिलं होतं. झाकायचं ते झाकलेलंच राहणार होतं.

"खातं आजपासून सुरू आहे," ती म्हणाली. "आणि आता उपकार कसे फेडू ते मला विचारायचं नाही. चौथीपासूनची बाकी माझ्याकडे निघतेय."

शैलाताईंनी चहा आणला. ऋजुताला बघून त्यांनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई. पडदे लावते आता."

उल्हासरावांनी वहीचं नवं पान घेतलं, पण बापूंच्या खुणा सोडल्या नाहीत. फक्त प्रत्येक खुणेपुढे ते एक चौकोन काढू लागले. गिऱ्हाइकाला ते माहीत असेल तर चौकोन कोरा. माहीत नसेल तर भरलेला, आणि मग त्या दिवशी दुकानाचं दार आतून लावून ते गिऱ्हाइकाला खुर्ची देत. एका आजोबांच्या एका पायाची सूज त्यांनी अशीच सांगितली. आजोबा म्हणाले, बायको वर्षभर सांगतेय. उल्हासरावांनी चौकोन पुसून कोरा केला.

आणि मग जानेवारीतल्या एका सकाळी, पोह्यांची बशी पुढ्यात असताना, पडद्यावर चिठ्ठी उमटली.

'ग्राहक क्रमांक ४१७. वस्तू: तांडेलीचा काळा लोकरी डगला. तक्रार: फार गरम होतो. डाव्या बाजूला घाम येतो. डावीकडचं जादा अस्तर काढावं. उजवीकडे अजून कळत नाही, तिकडे राहू दे.'

उल्हासरावांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग मोठ्याने वाचली. शैलाताई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांच्या खांद्यावरून वाकून त्यांनी स्वतः वाचली.

"पोहे गार होतील," त्या म्हणाल्या, पण बशी त्यांनीच बाजूला सरकवली.

उल्हासरावांनी चष्मा चढवला, हातमोजे घातले आणि उत्तर लिहिलं: 'तक्रार मिळाली. फार आभारी आहे.' मग त्यांनी डगला मांडीवर घेतला आणि डाव्या बाजूचे टाके एकेक करून उसवायला सुरुवात केली.